मांडवीचं इंजिन

१

दोन गाड्या एकाच वेळी उघडायच्या असल्या की माझी एक रीत आहे. निघालेल्या प्रत्येक भागावर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर मालकाचं नाव लिहायचं. गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या असल्या तर बोल्टसुद्धा जुळ्या भावांसारखे दिसतात. इकडचा बोल्ट तिकडे गेला की सहा महिन्यांनी कुठेतरी खडखड सुरू होते आणि गिऱ्हाईक माझ्या नावानं शंख करतं. काही मेकॅनिक नंबर घालतात. मला नंबर लक्षात राहत नाहीत, माणसं राहतात.

गेल्या जानेवारीत मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या माझ्या गॅरेजात अशा दोन पांढऱ्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. पट्ट्यांवर नावं दोनच, वेदिका आणि सखाराम.

वेदिका माझी धाकटी बहीण. देवरूखच्या शाळेत विज्ञान शिकवते, रत्नागिरीहून रोज गाडीनं जाऊन-येऊन करते. बाबा गेले तेव्हा ती आठवीत होती. तिला मीच लहानाची मोठी केली, त्यामुळे तिच्यावर ओरडायचा हक्क माझा आणि न ऐकायचा हक्क तिचा. डिसेंबरात दाभोळ्याजवळ रस्त्यात पडलेला जांभ्याचा चिरा तिच्या गाडीच्या पोटाला लागला आणि इंजिनातलं ऑइल सगळं गळून गेलं. समोर लाल दिवा पेटलेला असताना बाईंनी गाडी तशीच शाळेपर्यंत दामटली, कारण म्हणे मुलं वर्गात बसली होती. इंजिन जाम झालं. ज्यानं गाडी ओढून आणली त्यानं ती गिअरमध्येच ओढली, म्हणजे गिअरबॉक्सचाही निकाल लागला. पत्रा मात्र नव्यासारखा.

दुसरी गाडी मांडवीच्या सखाराम भाटकरांची. तिची गत नेमकी उलटी होती. खाऱ्या वाऱ्यानं पत्रा इतका खाल्ला होता की ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की पायाखाली रस्ता दिसायचा. पण बॉनेट उघडलं आणि मी बघतच राहिलो. इंजिन पुसून ठेवलेल्या पितळी समईसारखं स्वच्छ होतं. सखारामकाका तीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर होते, हे सांगायची गरजच नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांना गाडीतच झटका आला, स्वतःच्या फाटकाशी. त्यांची बायको मालनकाकी बाहेर आली तेव्हा गाडी न्यूट्रलला होती, हँडब्रेक ओढलेला होता, किल्ली फिरवून इंजिन बंद केलेलं होतं, आणि मग काका स्टेअरिंगवर पडले होते. तेव्हापासून मानेखालचं सगळं गेलं, वाचाही गेली. उघडे राहिले ते डोळे. काकीनं गाडी मला देऊन टाकली. ती दारात दिसली की जीव जळतो, म्हणाली.

२

काकांचं इंजिन आणि गिअरबॉक्स वेदिकाच्या गाडीत बसवायला तीन दिवस लागले. मी आणि बाबल्याकाका, दोघंच. बाबल्याकाका बाबांच्या वेळेपासूनचे फिटर. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे, आणि माझ्या प्रत्येक कामात चूक काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं जोडून झालं. आमच्याकडे इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. ही बाबांची रीत. मी फारसा देवभोळा नाही. आवाज आला की त्याला कारण असतं आणि ते पान्यानं सापडतं, एवढाच माझा धर्म. पण बाबांचं म्हणून गाऱ्हाणं मी सोडलेलं नाही. वेदिकाही शाळा सुटल्यावर तिथे आली होती.

उघड्या बॉनेटसमोर मी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ही गाडी आज नव्यानं उभी केली आहे. ही गाडी आणि हिचा धनी, मांडवीचा सखाराम, या दोघांना एका जिवानं नांदव. वाटेत-घाटात काय आडवं आलं तर बाजूला सार."

"होय म्हाराजा," बाबल्याकाका सवयीनं म्हणाले, आणि त्याच दमात त्यांनी नारळ फोडला.

मग काय बोललो ते माझ्या लक्षात आलं. इंजिनावर, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर, ती पट्टी होती. तीन दिवस मी तेच नाव वाचत होतो आणि तोंडातून तेच गेलं. वेदिका हसायला लागली. दादा, माझी गाडी दुसऱ्याच्या नावावर केलीस की रे, म्हणाली. मीही हसलो आणि पुन्हा घालतो म्हटलं.

बाबल्याकाका हसले नाहीत. "परत घालून उपयोग नाय. नारळ फुटला, माझा होय म्हणून झाला. आता ज्याचा नाव घेतलास तोच येऊन सोडवील तर सुटंल."

मी पट्टी काढून टाकली, वेदिकाचं नाव घेऊन दुसरा नारळ फोडला आणि किल्ली फिरवली. अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं. इतकं मऊ चालणारं इंजिन मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

३

पहिला आठवडा तक्रार नव्हती. दुसऱ्या आठवड्यात वेदिकानं सहज सांगितलं, जेवताना, आमटी वाढून घेता घेता. क्लच जरा गंमत करतो.

कसली गंमत, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मी पाय ठेवायच्या आधीच पायडल खाली जातं. म्हणजे मला गिअर बदलायचाय हे त्याला आधीच कळतं. सोपं जातं खरं तर."

मी दुसऱ्या दिवशी गाडी ठेवून घेतली. क्लचची तार बदलली, पायडलची स्प्रिंग बदलली. पायडल ठाकठीक. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. या गाडीत क्लचचं पायडल एका तारेनं गिअरबॉक्सच्या फोर्कला जोडलेलं असतं. फोर्क म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर आलेला बोटभर लोखंडी दांडा. पाय पायडल दाबतो, तार फोर्कला ओढते. पायडल पायाविना खाली जायचं असेल तर तो फोर्क दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी ओढायला हवा. आणि दुसऱ्या टोकाला नुसतं गिअरबॉक्स असतं.

स्प्रिंगच असणार, असं ठरवून मी तो विषय मिटवला.

४

इंजिन बदललं की आरटीओच्या कागदांवर जुन्या मालकाची सही लागते. सखारामकाकांची सही कुठली, अंगठाच. म्हणून एका सकाळी गॅरेज उघडायच्या आधी मी मांडवीला गेलो.

पुढच्या खोलीत, खिडकीशी पलंग होता. खिडकीतून वाळू आणि समुद्र दिसत होता, पण काका तिकडे बघत नव्हते. ते नाकासमोर बघत होते. डाव्या घोट्याला काकीनं काळा दोरा बांधला होता. गाडी दिली तेव्हापेक्षा मालनकाकी चेहऱ्यानं मला दहा वर्षांनी लहान वाटली.

"हर्षदा, ह्यांचा पाय हलायला लागलाय रे," तिनं दारातच सांगितलं. "डॉक्टर म्हनला होता कायच हलनार नाय. पन देवानं ऐकलान माझा."

ती सगळं सांगत सुटली. पंधरा दिवस झाले. रोज सकाळी साडेसातला सुरू होतं, पावणेनऊला थांबतं. दुपारी पुन्हा तेवढाच वेळ. डावा पाय आणि डावा हात. उजव्या पायाची बोटं जराशी वाकतात. रविवारी मात्र काही नाही. रविवारी देव सुट्टी घेतो बहुतेक, असं म्हणून ती हसली. आता ते चमच्याचमच्यानं पेजही घेऊ लागले होते.

मी घड्याळ बघितलं. पावणेआठ.

काकांच्या डाव्या हाताचा अंगठा मी शाईच्या पॅडवर दाबला. कागद पुढे घेणार तोच तो हात माझ्या बोटांतून निघाला. झटका नव्हता, घाईही नव्हती. आपल्या कामाला जावा तसा हात निघून गेला. त्याच वेळी डावा पाय पलंगाच्या पायथ्याच्या फळीला टेकला आणि दाबला गेला. हात पुढे सरकला. पाय हळूहळू सुटला. थोड्या वेळानं पाय पुन्हा दाबला, हात मागे आला. पाय सुटला. मग बराच वेळ नुसता पाय, थोडा दाब, थोडा सैल, थोडा दाब, थोडा सैल.

हातापायांची ती जुगलबंदी मी पंचवीस वर्षं रोज करतो. पहिला गिअर, दुसरा गिअर, आणि मग पुढे वाहनं तुंबली असली की अर्ध्या क्लचवर सरकणं.

शेवटी हात तिसऱ्याला, चौथ्याला जाऊन थांबला तेव्हा पांढऱ्या चादरीवर अंगठ्याची शाई उमटली होती. दोन उभ्या रेघा, त्यांना जोडणारी एक आडवी. गिअरच्या दांड्याच्या मुठीवर असते तशी खूण.

संध्याकाळी मी वेदिकाला आडून विचारलं, आज रस्ता कसा होता. हातखंब्याला पुलाचं काम चाललंय, म्हणाली. पावणेआठला तिथे अडकले आणि मुंगीच्या पावलांनी पुढे गेले.

५

माणसाला जेव्हा भीती वाटते तेव्हा तो पुरावा गोळा करतो. आपण चूक ठरावं म्हणून. मीही तेच केलं.

रविवारी गाडी बाबल्याकाकांना दिली. भाट्याच्या पुलाकडे जा, बरोबर दहा वाजता गाडी बाजूला घेऊन इंजिन चालू ठेवा आणि क्लच पाच वेळा दाबा, एवढंच सांगितलं. मी मांडवीला काकांच्या पलंगाशी बसलो. काकी रविवार असूनही पाय हलतोय म्हणून खुशीत होती.

दहाला पाय हलला. एक, दोन, तीन, चार, पाच.

मग काकांचे डोळे वळले. पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघत होते. आणि माझ्याकडे बघत त्यांनी पाय सहाव्यांदा दाबला.

त्याच वेळी काकीनं त्यांच्या ओठांना पाण्याचा चमचा लावला होता. पाणी चुकीच्या नळीत गेलं, काकांना ठसका लागला, दोनदा श्वास अडकला. काकीनं छाती चोळली तेव्हा ते सावरले.

गॅरेजात बाबल्याकाका आधीच येऊन बाकावर बसले होते. त्यांनी पाच वेळाच दाबला होता. सहाव्यांदा पायडल आपलं आपण गेलं, तेव्हा त्यांचे दोन्ही पाय खाली होते. आणि लगेच इंजिन दोनदा गचकलं, बंद पडतं की काय असं झालं.

"हर्षदा, तू तेंचा नाव घेतलास," ते म्हणाले. "एका जिवानं म्हटलास. आता तेंचा दम गेला की इंजिन गेला. इंजिन गेला की तेंचा दम."

मला एकच दिसत होतं. त्या माणसाच्या ताब्यात इंजिन होतं आणि गिअर होता. ब्रेक वेदिकाच्या गाडीचा होता, स्टेअरिंग वेदिकाच्या गाडीचं होतं. आणि त्या गाडीत रोज माझी बहीण बसत होती.

६

गिअरबॉक्स पुन्हा खोलावं लागेल असं वेदिकाला सांगून गाडी मी गॅरेजाबाहेर लावून ठेवली आणि बॅटरीची तार काढली. खरं कारण तिला सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि मलाही ते मोठ्यानं म्हणायचं नव्हतं. ती कुरकुरत एसटीनं जाऊ लागली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकीचा फोन आला. ती रडत होती. पाय थांबला होता. पेज तोंडातून परत येत होती. डॉक्टर येऊन गेला आणि मुलाला मुंबईहून बोलावून घ्या म्हणाला.

मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ त्या पांढऱ्या बॉनेटकडे बघत उभा राहिलो. शेवटी तार जोडली आणि किल्ली फिरवली. वीस मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं. काकीचा पुन्हा फोन आला. हर्षदा, ह्यांनी दोन चमचे पेज घेतलान.

त्या वेळी मला बरं वाटलं, हे कबूल करतो. तेवढ्या आनंदात तार तशीच जोडलेली राहिली.

रात्रभर विचार करून मी ठरवलं, की काकीला सगळं सांगायचं. तिचा नवरा आहे, निर्णय तिचा. सकाळी सातलाच मी मांडवीला पोचलो. काकांचा श्वास पहाटेपासून बदलला होता. छातीतून घरघर येत होती आणि दोन श्वासांमध्ये भलतंच अंतर पडत होतं. मुलगा अजून वाटेतच होता. काकी पायाशी बसली होती. मी तोंड उघडणार तोच डावा पाय हलला.

साडेसात वाजले होते. खिशात मोबाईल वाजला. वेदिकाचा मेसेज होता. दादा, एसटी चुकली, आज पूर्वपरीक्षेचा पेपर आहे. माझ्याकडची किल्ली लावून गाडी नेतेय. संध्याकाळी ओरड.

मी फोन लावला. लावत राहिलो. गाडी चालवताना मोबाईल आवाज बंद करून पर्समध्ये टाकायचा, हे तिला मीच शिकवलं होतं. माझं हे एकच ती ऐकते. बाबल्याकाकांना फोन करून तिच्या मागे पाठवलं, पण ते घरून निघणार आणि त्यांच्याकडे स्कूटर. ती हातखंब्याच्या पुढे गेल्यावर ते तिला कुठले गाठणार.

७

मी पलंगाशी गुडघे टेकून बसलो आणि काकांच्या कानाशी तोंड नेलं.

"काका, हातखंबा आला. उतार आहे. तिसऱ्यावरच ठेवा."

पाय दाबला गेला. हात हलला. पाय सुटला.

त्या रस्त्याचं प्रत्येक वळण मला पाठ आहे, आणि काकांच्या हातापायांवरून गाडी कुठे आहे ते कळत होतं. मी सांगत गेलो. पाली आली, बाजारात दुसरा टाका. आता सरळ आहे, चौथा. नाणीजचा चढ, घाई नको, तिसरा. काकांचे डोळे नाकासमोर होते, श्वास येत होता आणि राहत होता. उजव्या पायाची बोटं वाकलेली होती. ती ॲक्सिलरेटरवर होती. ब्रेकच्या जागेकडे तो पाय एकदाही गेला नाही.

दाभोळ्याच्या घाटात श्वास थांबला.

मी मोजले नाहीत, पण पाच-सहा सेकंद असतील. त्या चढावर मागे माल भरलेले ट्रक असतात. इंजिन बंद पडलं की गाडी मागे जाते, आणि वेदिकाला चढावर हँडब्रेक पटकन लागत नाही, हे मला माहीत होतं. मी काकांच्या खांद्याला धरून हलवलं. काका, दुसरा टाका, चढ आहे, पोरगी आहे आत, म्हणून ओरडलो. घशातून घरघर आली आणि पाय दाबला गेला.

तेव्हा काकी उठली. तिला काय कळलं मला माहीत नाही, कदाचित सगळंच. तिनं दोन्ही हातांनी तो डावा पाय घट्ट धरला आणि छातीशी घेतला.

"पुरे आता," ती काकांना म्हणाली. "पुरे झाला. निजा तुम्ही."

पाय तिच्या हातात थरथरत होता. फळीपर्यंत पोचत नव्हता. काकांनी डोळे माझ्याकडे वळवले. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हाच कळला होता. ते दमले होते. त्यांना बायकोचं ऐकायचं होतं.

मी काकीचे हात झटकून टाकले. सत्तर वर्षांची बाई भिंतीला जाऊन आदळली. मी पाय धरून पुन्हा फळीला लावला आणि म्हणालो, "काका, घाट संपेपर्यंत. नंतर सोडतो."

घाट संपला. मी सोडलं नाही. साखरपा आलं, तिथून देवरूखचा अरुंद रस्ता, बारीक बारीक वळणं. दुसरा, तिसरा, दुसरा. काकांचे ओठ निळे पडले होते आणि डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं. पावणेनऊला हात मधोमध आला. न्यूट्रल. मग त्यांनी हात खाली नेऊन वर ओढला, हँडब्रेक. मग उजवं मनगट जरासं वळलं. इतके महिने न हललेलं मनगट, किल्ली बंद करण्याएवढं वळलं.

त्यानंतर श्वास आला नाही.

मोबाईल वाजला. वेदिका. पोचले. गाडी घाटात एकदा गचकली, पण सांभाळलं.

मी जमिनीवर बसून रडलो, आणि ते सुटल्याचं रडणं होतं, याची मला आज लाज वाटते. काकी भिंतीशी तशीच बसली होती. तिथूनच म्हणाली.

"तेंना जायचा होता. तू जाव दिला नायस."

८

गाडी ट्रकवर घालून परत आणली. मी आणि बाबल्याकाकांनी इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवून गॅरेजाच्या मागच्या कोपऱ्यात साखळीला टांगलं. बॅटरी नाही, पेट्रोल नाही, तार नाही. वेदिकाला मी दुसरी गाडी बघून देतोय; सध्या ती एसटीनं जाते आणि सुखरूप घरी येते. मला दुसरं काही नको होतं. बाबल्याकाका म्हणाले की टांगून ठेवू नको, मोडून टाक. माझा हात धजावला नाही. त्यांनी त्या दिवसापासून येणं बंद केलं.

काकांना जाऊन बारा दिवस झाले होते. तेराव्या दिवशी सकाळी मी एकटाच गॅरेजात चहा पीत होतो, तेव्हा मागून लोखंडाचा बारीक आवाज आला. जाऊन बघितलं. इंजिन साखळीला स्थिर होतं. फोर्क हळूहळू आत ओढला गेला. शेजारचा गिअरचा रॉड सरकला. फोर्क सुटला.

साखळीचा ताण, ग्रीसचं आकसणं, जे सुचलं ते सगळं मी स्वतःला सांगितलं. पण हात सवयीनं गिअर मोजत होते. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. सपाट रस्ता, अरुंद, दर पन्नास पावलांवर वळण. देवरूखचा रस्ता हा नव्हता. मांडवीच्या गल्ल्या होत्या. मग फोर्क थांबला.

दुसऱ्या दिवशी जो कोणी होता तो त्या गल्ल्यांतून निघाला आणि गोखले नाक्यापर्यंत आला. तिसऱ्या दिवशी जयस्तंभाचा चढ चढला, दुसऱ्या गिअरवर, न गचकता. काल मारुती मंदिराच्या सर्कलला वळसा घालून थांबला, रोज गॅरेजाच्या थोडा अधिक जवळ. मी रोज समोर बसून ऐकतो. न ऐकून कुठे जाऊ? घरी वेदिका आहे. तो जिथे येणार आहे तिथे मला एकट्यालाच असायला हवं.

आज सकाळी मी शटर गुडघ्याएवढंच उघडं ठेवलं. बाहेर चांगलं ऊन होतं. साडेसातला फोर्क हलला. गल्ल्या, नाका, चढ, सर्कल. मग एमआयडीसीचा खड्ड्यांचा रस्ता, अर्ध्या क्लचवर. मग डावीकडे वळण, पहिला गिअर. मग रॉड मधोमध आला आणि फोर्क सुटला. पोचल्यावर करतात तसं.

बाहेर गाडीचा आवाज नव्हता. पावलाचाही नव्हता. शटरखालच्या उजेडात मात्र एक पाय होता. डावा, अनवाणी, वाळू लागलेला. घोट्याला काळा दोरा होता.

काकांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी हाक मारली नसावी. मला बाबल्याकाकांचं बोलणं आठवलं, ज्याचं नाव घेतलंस तोच येऊन सोडवील. काय सोडवायला ते आले आहेत आणि कुणाला, हे मला ठरवता येईना. मी इंजिनाशी गेलो आणि घाटात सांगितला होता तसा रस्ता सांगायला लागलो. परतीचा. काका, पहिला टाका, म्हटलं. एमआयडीसीतून उजवीकडे. मारुती मंदिर. जयस्तंभाचा उतार आहे, दुसरा ठेवा. घरी काकी आहे. तिथपर्यंत सोडतो, आता खरंच सोडतो.

फोर्क हलला नाही. शटर वर जायला लागलं.